मुदतीचा ताप आहे, येऊ नका

मला राग फार लवकर येतो. आई म्हणायची, ह्या पोरीच्या नाकावर माशी बसली तर ही माशीसकट नाक कापून टाकील. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मारामारी पुष्कळ आहे आणि त्यातली बरीचशी मी स्वतः केलेली आहे. मला तिचा काडीचाही पस्तावा नाही.

आमचा दवाखाना चाकणला, नाशिक रस्त्याच्या कडेला होता. पुढं दवाखाना, मागं दोन खोल्यांचं घर, त्यामागं परसात जळणाचा ढीग. पन्नास साल उलटून गेलं होतं. पिंपरीच्या माळावर फाळणीतून आलेल्या लोकांच्या बराकी होत्या, कारखान्यांची नुसती भाषा सुरू झाली होती, आणि चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. आमचे हे शेतकऱ्याच्या घरातले, पुण्याला शिकून डॉक्टर झालेले. आवाज इतका हळू की म्हाताऱ्या म्हणायच्या, डॉक्टर, जरा मोठ्यानं बोला, आमी जगणार हाय का न्हाई ते तरी कळू द्या. मी भांडायची आणि हे हसायचे, असा आमचा संसार. मूलबाळ अजून झालं नव्हतं.

लोकांना सुई हवी असायची. गोळी दिली, औषधाची बाटली दिली, तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कातरून चिकटवली, तरी माणूस बाकावरून हलायचा नाही. "सुई न्हाई का देत?" म्हणून बसून राहायचा. सुई टोचली की दुखणं निम्मं गेलं, असा सगळ्या पंचक्रोशीचा समज. हे कुरकुरायचे, उगाच टोचू नये म्हणायचे. पण जिथं खरोखर गरज तिथं पेनिसिलिन द्यायचे आणि माणसं मरणाच्या दारातून उठून बसायची. त्यानं तो समज आणखीच पक्का झाला.

असाच एक पैलवान पोरगा आला. आला म्हणजे थोरल्या भावानं पाठुंगळी मारून आणला. नांगराचा फाळ पायात घुसलेला, पाय मांडीपर्यंत सुजलेला, अंग भाजत होतं. भाऊ हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, सुई द्या. चांगली मोठी द्या." इथं खरंच सुईची गरज होती. ह्यांनी स्टोव्हवर सुई उकळली आणि पेनिसिलिन दिलं. मी मधल्या दाराशी तांदूळ निवडत बसले होते. पोरगा माझ्याकडं बघून हसला, म्हणाला, "वैनी, मला वाटलं लय दुखंल." एवढं बोलला आणि त्यानं घशाला हात लावला. अंगावर गांधी उठल्या, ओठ निळे पडले. ह्यांनी त्याला खाली निजवला, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. पोरगा गेला. काही काही शरीरांना ते औषध चालत नाही, हे आज कुणीही सांगेल. तेव्हा पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं असलं तर असलं.

भाऊ बाहेर गेला, बाजाराला आलेली आपल्या गावची माणसं घेऊन परत आला, आणि मग फोडाफोड सुरू झाली. कपाटाच्या काचा, बाटल्या, वजनकाटा, खुर्च्या. लाल मिक्श्चर आणि टिंक्चर जमिनीवर वाहून एक झालं. आमचा कंपाउंडर खिडकीतून उडी टाकून जो पळाला तो आजतागायत पळतोय. ह्यांना त्यांनी भिंतीशी दाबून लाथांनी तुडवलं. ओठ फाटला, एक दात खाली पडला. मग भावानं सगळ्यांना बाजूला सारलं, काठी उगारली आणि विचारलं, "कंच्या हातानं टोचली?"

आणि ह्या शहाण्या माणसानं उजवा हात पुढं केला. आपण होऊन. नीट टेबलावर ठेवला.

काठी पडत राहिली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ओली फांदी मोडावी तसा. हे ओरडले नाहीत, ते मला जास्त भयंकर वाटलं. मी आतून मुसळ घेऊन आले. एकाच्या खांद्यात घातलं, एकाच्या गुडघ्यात घातलं, तिसऱ्यानं माझे केस धरून मला भिंतीवर आपटली. मग ते पोराला उचलून निघून गेले. जाताना तो भाऊ ढसाढसा रडत होता.

फौजदार आला तेव्हा हे म्हणाले, मी पडलो. मी म्हटलं, "पडलात? आणि माझ्या केसांचा पुंजका काय आढ्यावरून पडला?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "त्याचा भाऊ गेलाय." फौजदार पाणी पिऊन निघून गेला.

हाताला प्लास्टर घालायला ह्यांचा मित्र दापोडीहून आला. दोघं एकाच बाकावर बसून डॉक्टरकी शिकलेले. त्याचा दवाखाना दापोडीला, रेल्वेच्या कडेला, कामगारांच्या चाळीत. बायको बाळंतपणात गेलेली, दुसरं लग्न केलं नाही, एकटाच राहायचा. देखणा, बोलका, पेशंटच्या पोरांच्या हातावर लिमलेटच्या गोळ्या ठेवणारा. मला 'वहिनी' म्हणायचा आणि माझ्या रागाची थट्टा करायचा. मला तो मनापासून आवडायचा.

हात भरून येऊ लागला, पण आतलं काही भरेना. हे जेवेनात. दाढी वाढली. फुटक्या दवाखान्यात दार लोटून बसून राहायचे. मी काही विचारलं तर म्हणायचे, "मला वाटलं लय दुखंल, असं म्हणाला ना तो?" सकाळी तेच, दुपारी तेच. मी समजावलं, रडले, भांडले. भिंतीशी बोलावं तसं. मला वाटायचं, एक कानाखाली ओढावी म्हणजे शुद्धीवर येतील. इतका राग आणि इतकी माया मला एका वेळी कधी आली नव्हती.

दवाखान्यात एक कपाट फुटायचं राहिलं होतं, ते विषाचं. विषारी औषधं कुलपात ठेवायची असा कायदाच आहे. ते कपाट लोखंडी, भिंतीत बसवलेलं, म्हणून वाचलं. त्याची किल्ली ह्यांच्या करदोड्याला असायची, अंघोळीलासुद्धा निघायची नाही. एके दिवशी सकाळी मी केर काढत गेले तर हे त्या कपाटासमोर उभे. डाव्या हातानं करदोड्याची गाठ सोडवत होते. उजवा प्लास्टरमध्ये, एका हातानं गाठ सुटत नव्हती. मी विचारलं, "काय हवंय?" ते म्हणाले, "काही नाही. तू जा." ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरूनच मला कळलं, ह्यांना काय हवंय.

मी केरसुणी टाकली आणि त्यांच्या अंगावर धावले. माझे वडील तालमीतले, दोन-चार डाव बघून बघून मलाही येत होते. मी त्यांना खाली पाडलं. ह्यांनी मला ढकललं, मी हाताला चावले. प्लास्टरचा हात माझ्या भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं. ह्या माणसानं माझ्यावर हात उगारलेला तेवढा एकदाच. त्यांच्या छातीवर बसून मी पट्ट्या कापायची कात्री उचलली आणि करदोडा कातरला.

आमच्याकडं पुरुषाचा करदोडा फक्त मेल्यावर तोडतात. जिवंत माणसाचा कुणी तोडत नाही, आणि बायको तर नाहीच नाही. हे एकदम गप पडले आणि माझ्या हातातल्या त्या काळ्या दोऱ्याकडं बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा मी नवऱ्याला अरे-तुरे केलं. म्हटलं, "बघ. मेलास तू. तोडला मी करदोडा. आता परत मरायचं कारण नाही." किल्ली माझ्या कमरेच्या बटव्यात गेली.

दुपारी मी दापोडीला निरोप धाडला आणि मित्र संध्याकाळच्या एसटीनं आला. माझ्या भुवईला टाके त्यानंच घातले. मी सगळं सांगितलं. तो टाके घालता घालता ऐकत होता, त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. मग म्हणाला, "वहिनी, हे कुणाजवळ बोललात?" मी म्हटलं, तुमच्याशिवाय कुणाजवळ नाही. "बोलू नका. डॉक्टरचं डोकं फिरलंय असं एकदा झालं की संपलं. पुन्हा कुणी नाडीसुद्धा दाखवणार नाही. वर पोलिसांचं लचांड, जीव द्यायला निघणं हा गुन्हा आहे. आमच्यात हे असं बोलत नाहीत. मुदतीचा ताप आहे म्हणून सांगा. टायफॉइड म्हटलं की माणसं उंबऱ्यापाशी येत नाहीत. पडून राहू दे त्याला, विश्रांती मिळाली की बरा होईल. मला स्वतःला दोनदा येऊन गेलाय, मला ठाऊक आहे."

शिकलेला माणूस, जिवाभावाचा मित्र. मला पटलं. त्यानं माझ्यासमोर पाटीवर खडूनं लिहिलं, 'मुदतीचा ताप आहे, येऊ नका', आणि दाराला पाटी टांगून तो परत गेला.

कुणी आलं नाही. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायला लागली. कुणी ताकाचा लोटा लांब ओट्याच्या टोकाला ठेवून जायचं आणि तिथूनच हाक मारायचं. आधी बाकावर सकाळपासून कलकलाट असायचा, तिथं आता माशा. येऊ नका म्हटलं म्हणून ते येत नव्हते, त्यांचं काय चुकलं? तरी मला सगळ्या गावाचा राग यायचा. विश्रांती कसली, त्या शांततेत ह्यांच्या डोक्यातलं चाक आणखी जोरात फिरत होतं. मी एकटी राखणदार. पाण्याला जाताना जीव घरात, परसाकडं जाताना जीव घरात. सुऱ्या, विळी, दोर, सगळं शेजारच्या गोठ्यात नेऊन टाकलं. डोळ्याला डोळा लागेना. भाकरी थापता थापता मला डुलकी यायची आणि हात तव्याला लागायचा.

बाजाराचा दिवस होता. मी विहिरीवरून घागर घेऊन आले तर आतल्या खोलीला आतून कडी. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. घागर हातातून पडून फुटली. परसातून जळणाची कुऱ्हाड आणली आणि दारावर घातली. तिसऱ्या-चौथ्या घावाला फळी फुटली, मी आत हात घालून कडी काढली, कोपरापर्यंत हात सोलून निघाला. आत काय दिसलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही. वेळेवर पोचले, एवढंच. त्यांना ओढत ओट्यावर आणलं, उजेडात बसवलं. थोबाडीत मारली, एक नाही, चांगल्या पुष्कळ. ते मार खात होते आणि म्हणत होते, "तू दमलीस गं. तुझी सुटका व्हावी म्हणून."

माझी सुटका म्हणे. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी ती पाटी उपटली, कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं तिचे तुकडे केले, आणि कुऱ्हाड हातात तशीच, केस मोकळे, रस्त्यावर आले. समोर कांद्याचा सगळा बाजार भरलेला. पोत्यांची थप्पी लागली होती तिच्यावर चढले आणि ओरडले, "ऐका रे. माझ्या नवऱ्याला ताप-बिप काही नाही. त्याला मरावंसं वाटतंय. पोरगा हातात गेला तेव्हापासून वाटतंय. मी एकटी धरून धरून थकले. माझ्यानं आता होत नाही. ज्याच्या घरचं माणूस ह्यानं दुखण्यातून उठवलंय त्यानं येऊन बसावं."

तराजू हातात तसेच राहिले. मला वाटलं, झालं, बुडाली डॉक्टरकी, नवऱ्याची अब्रू मी कांद्याच्या भावानं विकली. मग कोपऱ्यातली एक म्हातारी कांदेवाली उठली, कांद्याच्या टोपलीवर गोणपाट टाकलं, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मंग इतके दिस बोलली का न्हाईस? कुठं बसायचं, चल."

तिच्यामागं माणसं आली. ओट्यावर मावेनात. पाळी कुणी ठरवली नाही, पण उठणाऱ्याच्या जागी बसणारा आधीच उभा असायचा. काही समजवायचं, उपदेश करायचा, असलं त्यांना येतच नव्हतं. ते कांद्याच्या भावाबद्दल बोलायचे, गाभण म्हशीबद्दल बोलायचे, तंबाखू मळायचे. कुणी ह्यांना धरून विहिरीवर नेऊन अंघोळ घातली, न्हाव्यानं दाढी केली. एक जण पाठीवरचं गळू दाखवत म्हणाला, "डॉक्टर, मरायचं आसंल तर मरा बापडे, पर त्याच्या आधी एवढं बघून ठिवा." सगळे हसले. ह्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

आणि मग एका सकाळी तो आला. पैलवानाचा भाऊ. खांद्यावर तीच काठी. ओट्याच्या पायरीशी उभा राहिला, आणि बसलेली सगळी माणसं एकदम उठली. मी चुलीपाशी होते. हातातली लोखंडी फुंकणी तशीच घेऊन बाहेर आले आणि बोलायच्या आधी त्याच्या डोक्यात घातली. कानामागून रक्ताची धार लागली. पुन्हा घातली, खांद्यावर. त्यानं काठी उचलली नाही. खाली ठेवली.

"मारा, वैनी," तो म्हणाला. "पर मला बसू द्या."

"तू बसणार? तू? कशाला, उरलेला हात मोडायला?"

"म्या मारलं म्हनून ह्यो मेला तर मग? एक मढं म्या खांद्यावरनं नेलं. दुसरं माझ्या डोईवर नगं." त्यानं रक्त पुसलं नाही. "आन मला बी घरी बसवत न्हाई, वैनी. मला बी तसंच वाटतंय. विहीर दिसली की पाय थांबत्यात."

माझी फुंकणी हातात तशीच राहिली. इतक्या दिवसांत मला एकदाही सुचलं नव्हतं, की त्या घरातही कुणी असंच बसलं असेल.

तो ह्यांच्यासमोर जमिनीवर बसला. ह्यांनी मान वर केली नाही. मग त्यानं विचारलं, "डॉक्टर, त्याला शेवटाला लय तरास झाला का?"

माणसं बसायला लागल्यापासून हे कुणाशी धड एक शब्द बोलले नव्हते. आता ओठ हलत राहिले, आवाज फुटायला वेळ लागला. "झाला," ते म्हणाले. "खोटं नाही बोलत. पण फार वेळ नाही. तो घाबरला होता. त्यानं माझा हात धरला होता."

"कंचा?"

ह्यांनी प्लास्टरमधला हात थोडा उचलला. भावानं तो दोन्ही हातांत घेतला, त्याच्यावर कपाळ टेकलं, आणि तो मोठा थोरला गडी गुरासारखा हंबरून रडायला लागला. हेही रडले. ओट्यावरची माणसं दुसरीकडं बघत तंबाखू मळत राहिली.

त्यानं सगळं एकदम बरं झालं असं नाही. काही दिवस बरे जायचे, मग एखादा असा यायचा की वाटायचं पुन्हा पहिल्यापासून. भाऊ रोज यायचा. शेतावर जाताना यायचा, येताना यायचा, कधी दोघं तासन् तास काही न बोलता बसायचे. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वाकडी राहिली होती, पण पकड होती. ह्यांनी कुणालाही सुई द्यायच्या आधी विचारायला सुरुवात केली, पूर्वी घेतलीय का, अंगावर काही उठलं होतं का, घरात कुणाला झालं होतं का. सुई मागणारे वैतागायचे. आणि एका सकाळी अंघोळीला जाताना हे म्हणाले, "अगं, एक काळा दोरा दे ना. कमरेला मोकळं मोकळं वाटतं." मी दोरा दिला, गाठ मीच मारली. किल्ली मात्र दिली नाही. ती माझ्याच बटव्यात राहिली. कपाटातलं काही लागलं की हे मधल्या दाराशी येऊन हात पुढं करायचे, आणि मी आधी त्यांच्या डोळ्यांत बघायची आणि मग किल्ली द्यायची. एखाद्या दिवशी द्यायची नाही. तेव्हा ते काही न बोलता बाकावर जाऊन बसायचे आणि पेशंटला म्हणायचे, "आज जरा माझ्याजवळ बसा." लोक बसायचे. डॉक्टरकी बुडाली नाही. उलट लोक दुसरीच दुखणी घेऊन यायला लागले, दार लोटून घेऊन हळू आवाजात सांगायची.

पुढल्या वर्षी कांदा निघाला तेव्हाची गोष्ट. दुपार होती. पैलवानाचा भाऊ कांद्याचा ट्रक भरून पुण्याला निघाला होता आणि निघण्याआधी ओट्यावर पाणी पीत बसला होता. एसटीचा कंडक्टर खाली उतरला आणि निरोप सांगून गेला. दापोडीच्या डॉक्टरांनी कळवलंय, मुदतीचा ताप आहे, येऊ नका.

मी म्हटलं, "अरेरे. बिचारा." ह्यांचा चेहरा मात्र कागदासारखा झाला.

"तिसऱ्यांदा," ते म्हणाले. "तो ताप एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. ह्याला तिसऱ्यांदा कसा होईल?"

मला माझ्या भुवईवरचे टाके आठवले. तो सल्ला त्याला इतका तोंडपाठ कसा होता, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

ह्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी सगळ्या बाजारानं ऐकला. "कांदा उतरवू नका. आहे तसा ट्रक काढा. पहार घ्या." भावानं काय, कशाला, काही विचारलं नाही. आम्ही तिघं पुढं ड्रायव्हरशेजारी कोंबून बसलो. मोशीला नदीच्या पुलावर बैलगाड्या आडव्या होत्या, तर हे दाराबाहेर लोंबकळून गाडीवानांना अशा शिव्या घालायला लागले की मी कानांवर हात ठेवले. मागून कांदे उडून रस्त्यावर पडत होते. भोसरी गेली, फाटा गेला. माझ्या मांडीवर पहार होती आणि मी ती दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

दापोडीला चाळीच्या दारावर पाटी टांगलेली. तेच अक्षर. शेजारच्या बायका लांब उभ्या राहून म्हणाल्या, जाऊ नका, ताप आहे. कडी आतून. ह्यांनी हाक मारली नाही. पहार माझ्या हातातून घेतली आणि त्या वाकड्या बोटांनी फटीत घातली. भाऊ म्हणाला, "द्या हिकडं." ह्यांनी दिली नाही. पाटी आधी खाली पडून फुटली. मग बिजागरी निघाली, आणि दार आत कोसळलं.

मित्र कॉटवर बसलेला होता. दाढी केलेली, धुतलेले कपडे, खोली झाडून स्वच्छ, एकही वस्तू इकडची तिकडं नाही. ती टापटीप बघून मी आधी त्याच्या विषाच्या कपाटाकडं बघितलं, ते बंद होतं. त्याच्या कपाटाची किल्ली त्याच्या मुठीत होती, अजून मुठीतच होती. आमच्याकडं बघून तो हसला, नेहमीसारखा. "अरे, ताप आहे म्हणून कळवलं होतं ना? वहिनींना कशाला आणलंस?"

ह्यांनी त्याच्या तोंडात मारली. ज्या हाताचं हाड त्यानं बसवलं होतं, त्याच हातानं. इतक्या जोरात की तो कॉटवर आडवा झाला. मी त्याची मूठ धरली आणि एकेक बोट उलगडून किल्ली काढून घेतली. त्यानं जोर केला, मी नखं रोवली. किल्ली माझ्या बटव्यात पहिलीच्या शेजारी गेली. भाऊ मोडक्या दारात उंबऱ्यावर बसला, काठी आडवी ठेवून.

मित्र उठून बसला. ओठातून रक्त येत होतं. ह्यांनी सवयीनं त्याचं मनगट धरलं, कपाळाला हात लावला.

"ताप नाही तुला," हे म्हणाले.

त्यानं मनगट सोडवून घ्यायला बघितलं.

"मग काय होतंय?"

आमच्यात हे असं बोलत नाहीत, असं मला एकदा सांगणारा तो माणूस. त्याचं ते हसू हळूहळू चेहऱ्यावरून उतरत गेलं आणि खाली उरला तो चेहरा मी ओळखत होते, तो मी माझ्या घरात बघितला होता. "मरावंसं वाटतंय रे," तो म्हणाला. "फार दिवस झाले."

"मलाही वाटत होतं," हे म्हणाले. "सरक जरा. बसू दे."

तो भिंतीकडं सरकला, आणि हे त्याच्या शेजारी बसले.